लाल रेघ एक ओळ खाली का येते? (जीनी, पायथन आणि आमची लॅब)

खडूफळा

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला संगणक शिकवते. लॅबमध्ये २२ मशिनं, त्यातली १९ जिवंत. सगळ्यांत ४ जीबी रॅम आणि उबुंटू २०.०४ ही ऑपरेटिंग सिस्टिम. आधी सगळे वापरतात ते मोठं एडिटर (प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) टाकलं होतं, पण शेजारी ब्राउझर उघडला की माउसचा बाण गोगलगाय व्हायचा. म्हणून जीनी नावाच्या एडिटरवर आले. हलकं आहे, मुलांना मेनू कळतो, तक्रार नाही.

अडचण अशी. मुलं पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहितात, चालवतात, खाली इंग्रजी मजकूर आला की तो न वाचताच हात वर. "मॅडम, चालंना." तासाला ३५ मिनिटं मिळतात, त्यातली २० मी कंस मोजत फिरते. म्हणून ठरवलं, एडिटरनंच चुकीच्या ओळीखाली रेघ मारावी. जीनीत एफ८ दाबून कंपाइल केलं की लाल नागमोडी रेघ येते. मी खूश. आणि मग हे झालं:

भाव = {"तांदूळ": 60, "डाळ": 140,
       "गूळ": 55,
एकूण = 0

(व्हेरिएबलची नावं मराठीत ठेवू देते मी. पायथन ३ ला चालतात. आकडे मात्र इंग्रजी लागतात, ती गंमत नंतर.)

महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे, तो दुसऱ्या ओळीच्या शेवटी. रेघ येते तिसऱ्या ओळीखाली आणि खाली लिहून येतं, 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. चौदा नंबरच्या मशिनवरची मुलगी विचारते, "मॅडम, एकूण बरोबर शून्य, ह्यात काय चुकलं?" काहीच चुकलं नाही गं. हे तिला सांगितल्यावर ती जे बघत राहिली माझ्याकडे!

सेटिंग माझं चुकलंय का? की जीनीच ओळ चुकीची मोजतंय?

अर्धविराम

सर, बिल्ड मेनूत सेट बिल्ड कमांड्स उघडा आणि कंपाइलसमोर काय लिहिलं आहे ते इथं टाका. दोन गोष्टी बघा. पायथनच्या पुढे ३ चा आकडा हाये का, आन् टक्का-एफ (तिथं फाइलचं नाव येतं) हे दुहेरी अवतरणात हाये का. नसंल तर फाइलच्या नावात स्पेस आली की बोंबललं. पोरं 'माझा प्रोग्राम नवीन २' अशीच नावं देतात.

बाकी ओळ चुकण्याचं म्हणाल तर पीएचपी भाषेतही हेच हाये. पीएचपीला मायनस-एल लावलं की फाइल न चालवता फक्त व्याकरण तपासते. मी दहा वर्षं तेच वापरतो. ते तीसाव्या ओळीवर बोट दाखवते, मी एकोणतीसावी वाचतो. सवयीचा भाग हाये.

निळा पडदा

धागा वाचून एकदम टर्बो सी (सी भाषेचं जुनं एडिटर आणि कंपायलर एकत्र) आठवलं. पुण्यात आमच्या कॉलेजात निळ्या स्क्रीनवर ऑल्ट-एफ९ दाबायचं आणि खाली चुकांची यादी. 'स्टेटमेंट मिसिंग सेमिकोलन' म्हणून ज्या ओळीवर कर्सर जायचा, तिच्या वरच्या ओळीत अर्धविराम राहिलेला असायचा. प्रत्येक वेळी. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "कर्सर जिथे जाईल तिथे तुम्ही जाऊ नका."

थोडं अवांतर. एडिटर आणि तपासनीस यांचं लग्न बरंच जुनं आहे. १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये पहिली चूक सापडली की कंपायलर तिथेच थांबायचा आणि कर्सर थेट त्या जागी नेऊन ठेवायचा. चुका शोधणाऱ्या अवजारांना 'लिंट' म्हणतात तेही त्याआधीचं: १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सननी सी भाषेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं हे नाव. कपड्याला चिकटलेला कापसाचा भुरका असतो ना, तो. विम नावाच्या एडिटरची क्विकफिक्स नावाची जी चुकांची खिडकी आहे, ती कल्पनासुद्धा अमिगा संगणकावरच्या मँक्स अ‍ॅझ्टेक सी कंपायलरकडून उचलली, हे विमच्या मदतपानातच लिहिलंय. विम १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर आलं तेही अमिगावरच.

जाणकार खऱ्या प्रश्नाचं उत्तर देतीलच.

रात्रपाळी

जीनी बिचारं निर्दोष आहे. पायथननं जी ओळ सांगितली तिच्याखाली ते रेघ मारतं, एवढंच त्याचं काम. गडबड पायथनच्या आवृत्तीत आहे. उबुंटू २०.०४ म्हणजे पायथन ३.८. टर्मिनलमध्ये बघून घ्या.

आता तुमचं उदाहरण पायथनच्या नजरेनं वाचू. महिरपी कंस उघडला. आता तो बंद होईपर्यंत ओळ संपली काय आणि न संपली काय, त्याला फरक पडत नाही, कारण कंसाच्या आत नवी ओळ म्हणजे नुसती मोकळी जागा. गूळ, ५५, स्वल्पविराम. इथपर्यंत सगळं नियमात. स्वल्पविरामानंतर पुढची जोडी येणार म्हणून तो वाट बघतो. 'एकूण' आलं. हेही चालतं, कारण डिक्शनरीत (महिरपी कंसातल्या किल्ली-किंमत जोड्यांत) व्हेरिएबल किल्ली म्हणून येऊ शकतं. आता कोलन यायला हवा आणि आलं बरोबरचं चिन्ह. इथे तो पहिल्यांदा अडखळतो आणि जिथे अडखळला ती ओळ सांगतो. तुमची चूक कुठे झाली ते त्याला माहीतच नाही. तो रस्त्यावर चालत होता, खड्डा तिसऱ्या ओळीत लागला. खड्डा कुणी खणला हे विचारायची पद्धत ३.८ मध्ये नव्हती.

३.९ मध्ये, म्हणजे २०२० साली, पायथनचा व्याकरण वाचणारा भागच बदलला. जुना एका वेळी पुढचा एकच शब्द बघून निर्णय घ्यायचा. नवा मागेपुढे जाऊन वेगवेगळे अर्थ लावून बघू शकतो. त्या जोरावर ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० मध्ये चुकांचे संदेश नव्यानं लिहिले गेले. तुमचा हाच नमुना ३.१० ला दिलात तर तो पहिल्या ओळीवर, उघडणाऱ्या कंसाखाली खूण करून म्हणतो की हा महिरपी कंस बंदच केला नाही.

एडिटर, प्लगइन, सेटिंग काहीही न बदलता तुमची रेघ योग्य ओळीवर येईल. फक्त पायथन बदला. २०.०४ वर ३.१० वेगळं टाकता येतं, पण सिस्टिमचं ३.८ उडवू नका, उबुंटूची निम्मी अवजारं त्याच्यावर उभी आहेत. किंवा सरळ २२.०४ घ्या, त्यात ३.१० आलेलंच आहे.

खडूफळा

@अर्धविराम, सर नव्हे, मॅडम. पहिल्याच वाक्यात 'वाचतेय' लिहिलं होतं :)

अवतरणचिन्हांचं मात्र अगदी बरोबर निघालं. तीन मशिनवर कुणीतरी ती खोडली होती. एका मुलाच्या फाइलचं नाव 'बिल फायनल खरंच फायनल' होतं आणि पायथन म्हणत होतं 'बिल' नावाची फाइल नाही.

@रात्रपाळी, ३.८ च निघालं. खड्ड्याचं उदाहरण उद्या वर्गात वापरणार. आमच्या गावच्या रस्त्याला तर चपखल बसतं.

अजून दोन शंका. एक, एफ८ दाबल्यावर प्रत्येक फोल्डरमध्ये पायकॅश नावाचं एक पिल्लू फोल्डर तयार होतंय. मुलं ते पेनड्राइव्हवर घेऊन घरी जातात आणि विचारतात ह्यात काय आहे. दोन, सेव्ह केल्यावर रेघ आपोआप येणार नाही का? एफ८ विसरतात.

रात्रपाळी

ते पिल्लू पाय-कंपाइलचं, एफ८ दाबल्यावर जीनी चालवतं त्या कमांडचं. नावाप्रमाणे ते खरंच कंपाइल करतं आणि तयार माल तिथे ठेवतं. नको असेल तर पायफ्लेक्स नावाचा तपासनीस वापरा. ते फाइल नुसती वाचतं, चालवत नाही, काही लिहून ठेवत नाही. वर दोन गोष्टी फुकट: आणलेलं पण न वापरलेलं मॉड्यूल सांगतं आणि कधीच न ठरवलेलं नाव वापरलं तर सांगतं. मुलांच्या निम्म्या चुका त्या दुसऱ्या प्रकारातल्या असतात. एकीकडे 'एकूण', दुसरीकडे 'एकुण'. व्याकरण दोन्हीकडे बरोबर, म्हणून नुसत्या व्याकरण तपासणीत ती कधीच सापडणार नाही. ऱ्हस्वदीर्घाचा असा वचक मराठीच्या मास्तरांनासुद्धा बसवता आला नसता.

मूळ जीनीत सेव्हला तपासणी जोडायची सोय नाही. पण उलटं करता येतं. एफ८ दाबलं की जीनी आधी फाइल सेव्ह करतं, मग कमांड चालवतं. मुलांना कंट्रोल-एसच्या जागी एफ८ ची सवय लावा. प्रश्न मिटला.

काजूबोंड

म्हापशाहून. धागा थोडा पळवतो, रागावू नका.

मी हौस म्हणून स्वतःचं छोटं एडिटर लिहितोय, पायथनमध्येच. पायफ्लेक्सला फाइलचं नाव न देता मजकूर थेट नळीतून पाजला तरी ते तपासून देतं, म्हणून सेव्ह न केलेला मजकूरही तपासता येतो. पहिल्या दिवशी प्रत्येक बटण दाबलं की तपासणी सुरू केली. लॅपटॉपचा पंखा असा फिरायला लागला की आई आतून म्हणाली मिक्सर बंद कर.

मग हात थांबल्यावर अर्ध्या सेकंदानं तपासायचं ठरवलं. पंखा गप्प झाला. पण आता दोन भुतं लागली आहेत. एक, कधी कधी रेघ भलत्याच ओळीवर उमटते आणि क्षणात निघून जाते. दोन, ओळीत मराठी मजकूर असला की रेघ उजवीकडे सरकते, कधी कधी ओळीच्या पार बाहेर. इंग्रजी ओळीत अगदी बरोबर येते. पहिल्या भुताला मी घाबरत नाही, दुसऱ्यानं झोप उडवलीय.

रात्रपाळी

पळवा, पळवा. दुसरं भूत माझ्या आवडीचं आहे. एक ओळ द्या, अंगावर मोजून दाखवतो.

काजूबोंड

दाखव("एकूण रक्कम", दर)

दाखव हे वर लिहिलेलं फंक्शन. 'दर' नावाचं काही नाहीच आहे. पायफ्लेक्स ते बरोबर पकडतं, पण रकाना (चूक ओळीत कितव्या जागी आहे तो आकडा) सांगतं ४६. अख्ख्या ओळीत इतकी अक्षरं कुठून आणू?

रात्रपाळी

चला, मोजू.

डोळ्यांनी मोजा आधी. दा, ख, व, कंस, अवतरण, ए, कू, ण, मोकळी जागा, र, क्क, म, अवतरण, स्वल्पविराम, मोकळी जागा. पंधरा झाली. 'दर' सोळाव्यावर.

आता युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या यादीच्या हिशेबानं. 'दा' म्हणजे द आणि काना, दोन. 'कू' म्हणजे क आणि ऊकार, दोन. 'क्क' म्हणजे क, पायमोडका हलन्त, परत क, तीन. सगळं धरून 'दर'च्या आधी १९ खुणा होतात, 'दर' विसाव्या जागी.

आता बाइट. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे त्या खुणा फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, मग ती अख्खा क असो की नुसता हलन्त. कंस, अवतरण, स्वल्पविराम, मोकळी जागा यांना एकेकच. 'दाखव' १२, कंस आणि अवतरण २, 'एकूण रक्कम' २८, पुढची तीन ३. बेरीज ४५. 'दर' शेहेचाळिसाव्या बाइटवर. हे तुमचं ४६.

पायथन वाक्याची फोड करताना रकाना यूटीएफ-८ बाइटमध्ये नोंदवतो आणि पायफ्लेक्स तोच आकडा, एक मिळवून, पुढे ढकलतं. तुमचं एडिटर तो अक्षरांचा समजतं. ओळीत खुणाच २२ आहेत, मग सेहेचाळिसावी सापडणार कुठून? इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून तिन्ही हिशेब योगायोगानं जुळतात आणि हे लिहिणाऱ्याला कधी कळतच नाही की आपण काय मोजतोय. उपाय सोपा: ती ओळ यूटीएफ-८ बाइटमध्ये बदला, पहिले ४५ बाइट कापा, परत मजकूर करा आणि त्याची लांबी घ्या. १९ येईल.

सावध मात्र राहा. सगळी अवजारं बाइट मोजत नाहीत. हाच पायथन व्याकरणाची चूक सांगतो तेव्हा रकाना खुणांमध्ये देतो. म्हणजे एकाच घरात दोन मापं. विमच्या चुका वाचायच्या नमुन्यात टक्का-सी म्हणजे बाइट, टक्का-व्ही म्हणजे स्क्रीनवरची जागा. आणि लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवर (एडिटर आणि तपासनीस यांच्यातल्या बोलीवर) गेलात तर तिथे तिसरंच, यूटीएफ-१६ या साठवायच्या दुसऱ्या पद्धतीचे एकक. देवनागरीला त्यात खूण तिथे एकक, म्हणून आपलं निभतं. पण मुलानं स्ट्रिंगमध्ये हात जोडलेली इमोजी टाकली की ती एक खूण, ४ बाइट आणि यूटीएफ-१६ ची २ एककं. पुन्हा रेघ एका घरानं सरकली. २०२२ च्या, त्या प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून सर्व्हर आणि एडिटरनं सुरुवातीलाच 'आपण कशात मोजायचं' हे ठरवून घ्यायची सोय झाली. तोवर सहा वर्षं जगभर लोक यावर डोकं आपटत होते.

पहिलं भूत साधं आहे. तुम्ही तपासायला मजकूर पाठवला, उत्तर येईपर्यंत वर एक ओळ घुसवली. उत्तर जुन्या मजकुराचं, रेघ नव्यावर. मजकुराच्या प्रत्येक बदलाला क्रमांक द्या, उत्तराबरोबर तो परत घ्या, जुळला नाही तर उत्तर फेकून द्या.

काजूबोंड

१९ आलं! देव बरें करूं.

म्हणजे मी तीन महिने अक्षराच्या नावाखाली बाइट मोजत होतो. टर्मिनलमध्ये पायथनची ती टोपीसारखी खूणही मराठी ओळीखाली सरकलेली दिसते, ती ह्यामुळेच ना?

रात्रपाळी

तिची कथा थोडी वेगळी. तिथे खुणा मोजून तेवढ्या मोकळ्या जागा सोडतात, पण ऊकार, हलन्त, अनुस्वार यांना टर्मिनल वेगळी जागा देतच नाही, ते अक्षराला चिकटतात. प्रत्येकामागे टोपी एक घर पुढे. त्यात फॉन्टची मेहेरबानी वेगळी. तिचा नाद सोडा, ओळ क्रमांकावर विश्वास ठेवा.

नुसताच वाचक

वाचतोय, बाइटचं गणित रोचक. लँग्वेज सर्व्हर म्हणजे नक्की काय, ते दोन ओळीत सांगेल का कुणी?

निळा पडदा

मी सांगतो, रात्रपाळींना झोपू द्या.

आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळं प्लगइन (वरून जोडायचं पूरक) लिहावं लागायचं. दहा एडिटर, वीस भाषा, दोनशे प्लगइनं, त्यातली दीडशे अर्धवट. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडेन्व्हीबरोबर एक ठरीव बोली जाहीर केली. भाषेचं ज्ञान असलेला एक वेगळा प्रोग्रॅम शेजारी चालू राहतो. एडिटर त्याला म्हणतं, फाइल उघडली, इथे हे बदललं. तो म्हणतो, ह्या ओळीत ही चूक आहे. दहा एडिटर आणि वीस सर्व्हर, तीसांत काम भागलं. निओविम या एडिटरमध्ये २०२१ च्या ०.५ पासून ही बोली बोलणारा भाग आतच आहे, ईमॅक्समध्ये २९ पासून एग्लॉट नावानं.

तोटा म्हणाल तर तो शेजारचा प्रोग्रॅम सतत जेवत असतो. ४ जीबीच्या लॅबमध्ये मी नाही आणणार. मॅडमचं एफ८ बरंय.

रात्रपाळी

झोपलो नाही, नावच तसं आहे. एक भर. विम वापरणाऱ्यांनी जुने लेख वाचून सिंटॅस्टिक हे तपासणीचं प्लगइन टाकू नका. ते सेव्ह केलं की तपासणी संपेपर्यंत एडिटर धरून ठेवायचं. मोठ्या फाइलला चहा होऊन यायचा. सप्टेंबर २०१६ च्या विम ८ पासून पार्श्वभूमीत काम चालवायची सोय आली आणि एएलई नावाचं प्लगइन तिच्यावर उभं राहिलं. सिंटॅस्टिकच्या कर्त्यांनी स्वतःच आता एएलईकडे जा म्हणून पाटी लावलीय.

उंटवाला

सगळे जण 'तपासणी म्हणजे चालवणं नव्हे' असं गृहीत धरताय म्हणून एक इशारा. पर्ल भाषेत मायनस-सी (फक्त व्याकरण तपास) लावलं तरी बिगिन ठोकळ्यातला कोड चालतो, यूज केलेली मॉड्यूलही आत घेतली जातात. म्हणजे कुणी अनोळखी माणसानं पाठवलेली फाइल तुम्ही नुसती उघडलीत, एडिटरनं कर्तव्यदक्षपणे तपासली, आणि त्यातल्या पहिल्या चार ओळींनी तुमचं घर झाडून नेलं. रस्ट भाषेतही कार्गो चेक ही तपासणीची कमांड दिली की बिल्ड स्क्रिप्ट चालते. उघडल्याबरोबर आपोआप तपासणी लावण्याआधी आपल्या भाषेचा तपासनीस नुसता वाचतो की चालवतो, ते बघा. शाळेत तर नक्कीच. पोरं फार हुशार असतात.

खडूफळा

बाप रे. पायफ्लेक्स नुसतं वाचतं हे वर आलंय, म्हणून जीव भांड्यात पडला.

ढगातला

एवढी यातायात कशाला? हल्ली एआयला कोड चिकटवा, चूक मराठीत समजावून देतो.

खडूफळा

प्रात्यक्षिक परीक्षेला लॅबचं नेट बंद असतं दादा. तेव्हा मुलांच्या हातात जीनी, एफ८ आणि मी. त्यातली मी बोलायची नसते.

अर्धविराम

हे बाकी खरं बोलल्या मॅडम.

खडूफळा

मंडळी, आठवडा झाला, अहवाल देते.

पाच मशिनांवर २२.०४ टाकलं, बाकीची दिवाळीच्या सुट्टीत. जीनीत कंपाइलच्या जागी पायफ्लेक्स, अवतरणांसकट. तोच तांदूळ-डाळ-गुळाचा नमुना फळ्यावर लिहिला आणि मुलांना दोन गटांत बसवलं. जुन्या मशिनवर रेघ तिसऱ्या ओळीखाली, नव्यावर पहिल्या. "मॅडम, दोघांत खरं कोण?" मग रात्रपाळींचा खड्डा काढला. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे वर बघत जायचं." दुसऱ्या तासाला हात वर करणारे निम्म्यानं कमी.

दोन गमती राहिल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना कोड पाठवतात, आणि कुठल्या तरी फोनवरून येताना त्यातली सरळ अवतरणं वाकडी होतात. ३.८ नुसतंच म्हणायचं, आयडेंटिफायरमध्ये (म्हणजे नावात) चुकीचं अक्षर आहे. कुठलं? ते नाही सांगणार. ३.१० ते अक्षर आणि त्याचा युनिकोड क्रमांक दोन्ही छापतं. मुलांनी भिंतीवर कागद लावलाय, '२०१सी = व्हॉट्सअ‍ॅपचं अवतरण'.

दुसरी, आकड्यांची. एकानं थेट प्रोग्रॅममध्ये वय = १२ असं मराठी आकड्यात लिहिलं, रेघ आली. मी म्हटलं इंग्रजी आकडे टाक. मग तो प्रोग्रॅम चालवून इनपुट विचारल्यावर मुद्दाम मराठीत १२ टाकतो आणि ते चालतं! मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला देवनागरी आकडे कळतात, व्याकरणाला कळत नाहीत. तो मला विचारतो, "मॅडम, पायथनला मराठी येतं का नाही?" काय सांगू?

आणि चौदा नंबर. तिथे नवीन पायथन टाकलं, पायफ्लेक्स टाकलं, रेघ पहिल्या ओळीवर, कंसाखाली, अगदी बरोबर. तरी पुढच्या तासाला तीच मुलगी, तीच चूक, परत कंस उघडा. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, अगं दिसतंय ना समोर, मग बंद कर की. ती म्हणाली, "मॅडम, बटण दाबलं तरी येतच नाही." मी बसून दाबून पाहिलं. बंद करायच्या महिरपी कंसाचं बटण मेलेलं आहे. जून महिन्यापासून.

अर्धविराम

कीबोर्ड बदला मॅडम, पायथन नका बदलू.

निळा पडदा

तोवर तिला दुसऱ्या फाइलमधून कंस कॉपी करायला सांगा. आमच्या वेळी ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांवर १२५ टाकायचो.

खडूफळा

उबुंटूवर नाही चालत ते, करून पाहिलं. तिनं स्वतःच वाट काढलीय: फाइलच्या पहिल्या ओळीत कॉमेंटमध्ये एक बंद कंस ठेवलाय, लागेल तेव्हा तिथून उचलते. कीबोर्डसाठी अर्ज दिलाय.